कान ऐकतात, पण मत कोण देते?

महागड्या स्पीकरच्या जाहिराती वाचल्या, तर त्यांत एक दावा हमखास सापडतो. डोळे मिटा, म्हणजे गायक तुमच्या समोर बसून गातो आहे असे वाटेल! हा दावा नवा नाही. आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो तो बाजारात येण्याच्याही आधीपासून तो केला जात आहे. गंमत अशी की प्रत्येक पिढीतल्या पुष्कळ श्रोत्यांना तो आपापल्या काळात खरा वाटला आहे. ऐंशी-नव्वद वर्षांनी तोच आवाज ऐकणाऱ्याला मात्र तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. दोन्ही वेळी कान माणसाचेच होते. मग एवढा फरक का पडावा?

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता स्पीकरच्या इतिहासाचे दोन पदर दिसू लागतात. एक पदर यंत्राच्या सुधारणेचा आहे. तो बहुतेक पुस्तकांत सापडतो. दुसरा पदर यंत्राविषयीचे दावे तपासण्याच्या पद्धतीचा आहे. त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. विज्ञान शिकवणाऱ्याला मात्र हा दुसरा पदर अधिक उपयोगी पडेल, कारण दावा कोणताही असो, तो तपासायचा कसा हे त्यातून शिकता येते.

एडिसनचे जलसे

थॉमस एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १९१२ मध्ये, त्याच्या कंपनीने हिऱ्याच्या सुईचा 'डायमंड डिस्क' फोनोग्राफ बाजारात आणला. या यंत्रात आवाजासाठी विजेचा वापर नव्हता. तबकडीवरच्या खाचेतून जाताना सुई थरथरे, ती थरथर एका पातळ पडद्याला मिळे आणि पडद्यापुढचा कर्णा तो आवाज खोलीत सोडी. कंपनीचे म्हणणे असे होते, की हे यंत्र आवाजाची नक्कल करत नाही, तर मूळ आवाज नव्याने निर्माण करते.

हे पटवण्यासाठी १९१५ पासून कंपनीने अमेरिकेतल्या गावोगावी 'टोन टेस्ट' नावाचे जलसे सुरू केले. रंगमंचावर फोनोग्राफ ठेवलेला असे. त्याच्याशेजारी उभी राहून गायिका आपल्याच ध्वनिमुद्रिकेबरोबर गाऊ लागे. मध्येच ती थांबे, पण गाणे चालूच राही. पुढे दिवे मालवले जात आणि अंधारात गाणे ऐकू येई. दिवे लागल्यावर पाहावे तो रंगमंचावर एकटा फोनोग्राफ! प्रेक्षक टाळ्यांचा कडकडाट करत. एप्रिल १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मारी रॅपोल्ड या गायिकेचा असा जलसा झाला. गायिकेचे ओठ हलताहेत की नाहीत एवढे पाहूनच खरे काय ते कळत होते, कानांना काही कळत नव्हते, अशा आशयाचे वृत्तही त्या वेळी छापून आले. १९१५ ते १९२० या पाच वर्षांत असे चार हजारांवर जलसे झाले.

त्या काळातल्या ध्वनिमुद्रणात काय काय मावत असे? माणसाचा निरोगी कान साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचे आवाज ऐकतो. कर्ण्यात गाऊन केलेल्या त्या ध्वनिमुद्रणात काही शे हर्ट्झच्या खालचे आणि तीन-चार हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही उतरत नसे. तरीही हजारो लोक फसले, हे कसे?

एक कारण एका गायिकेनेच सांगितले. ॲना केस यांनी असे पुष्कळ जलसे केले होते. पुढे १९७२ मध्ये एका मुलाखतीत त्या म्हणाल्या, की जलशाच्या वेळी त्या आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घेत. म्हणजे यंत्र माणसासारखे गात नव्हते, माणूस यंत्रासारखा गात होता. दुसरे कारण निवडीचे. यंत्राला जे बरे जमते तेच रंगमंचावर आणले जाई. एकट्या गायिकेचा आवाज यंत्राला बराचसा पेलत असे. मोठा वाद्यवृंद किंवा खर्जातला ढोल पेलणे कठीण होते. तिसरे कारण प्रेक्षकांच्या मनात होते. आपण चमत्कार पाहायला आलो आहोत हे त्यांना आधीच ठाऊक असे. शिवाय चांगल्या ध्वनिमुद्रणात काय असायला हवे आणि येथे काय हरवले आहे, हे ओळखण्याचा सराव त्यांच्या कानांना नव्हता.

म्हणून या जलशांना 'टेस्ट' म्हटले गेले, तरी ती परीक्षा नव्हती. ते प्रात्यक्षिक होते. परीक्षेत नापास होण्याची शक्यता असावी लागते. येथे प्रश्नपत्रिका काढणारा, उत्तरपत्रिका लिहिणारा आणि गुण देण्याची घाई करणारा असे तिघेही एकाच बाजूचे होते.

पडदा, वेटोळे आणि आलेख

आज घराघरांत दिसणाऱ्या स्पीकरची रचना १९२५ साली मांडली गेली. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अभियंत्यांनी त्या वर्षी आपला निबंध प्रसिद्ध केला. कायम चुंबकाच्या किंवा विद्युतचुंबकाच्या फटीत तारेचे हलके वेटोळे बसवायचे आणि ते कागदी शंकूला चिकटवायचे. वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह गेला, की त्यावर बल निर्माण होते, शंकू पुढेमागे हलतो आणि हवेला हलवतो. दहावीच्या वर्गात विद्युतप्रवाहाचा चुंबकीय परिणाम शिकवताना याहून सोपे उदाहरण मिळणार नाही. मूळ कल्पनेची पेटंटे त्याआधीच निघाली होती. सीमेन्सचे १८७४ चे आणि ऑलिव्हर लॉज यांचे १८९८ चे. पण या रचनेला जोर देणारे अँप्लिफायर मिळायला विसाव्या शतकाची वाट पाहावी लागली.

याच सुमारास चांगले मायक्रोफोनही तयार झाले. आता 'आवाज गोड आहे' असे नुसते म्हणण्याऐवजी कोणत्या वारंवारतेला स्पीकर किती आवाज देतो, याचा आलेख काढता येऊ लागला. आदर्श स्पीकरचा आलेख सपाट असायला हवा. दिलेल्या सुरांपैकी एकालाही त्याने पदरचा जोर देऊ नये आणि कुणाचा जोर काढूनही घेऊ नये.

आलेख आला, पण जाहिरातदारांनी त्यातूनही वाट काढली. 'वारंवारता: २० ते २०,००० हर्ट्झ' एवढेच छापले, की वाचणारा खूश! पण या वाक्याला एकट्याने काहीच अर्थ नाही. समजा, १,००० हर्ट्झच्या सुराच्या मानाने २० हर्ट्झचा सूर ३० डेसिबलने क्षीण येतो. दर १० डेसिबलला ध्वनिशक्ती दहापट बदलते, म्हणजे तो सूर एक हजारांश शक्तीने येतो आहे. तो कुणालाही ऐकू येणार नाही, पण यंत्राने मोजता येईल. तेवढ्या भांडवलावर '२० हर्ट्झपासून' असे छापायला मोकळीक मिळते. म्हणून जबाबदार उत्पादक पुढे 'अधिक-उणे ३ डेसिबल' अशी मर्यादा लिहितो. मर्यादा लिहिलेली नसेल, तर आकडे वाचण्याचे श्रम वाचवावेत.

आलेखाला आणखी एक बाजू आहे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे २० हर्ट्झच्या लहरीची लांबी १७ मीटर होते आणि २०,००० हर्ट्झच्या लहरीची अवघी १.७ सेंटिमीटर. लांब लहरी स्पीकरमधून चहूकडे पसरतात. शंकूच्या आकाराच्या मानाने आखूड असलेल्या लहरी मात्र विजेरीच्या झोतासारख्या समोरच जातात. त्यामुळे स्पीकरच्या नेमके समोर मायक्रोफोन ठेवून काढलेला आलेख अर्धीच गोष्ट सांगतो. बाजूला गेलेला आवाज भिंतींवर आपटून पुन्हा कानापर्यंत येतो; तो कसा आहे यावरही ऐकणाऱ्याचे मत ठरते. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरला.

खोक्यातली हवा

दुसऱ्या महायुद्धानंतर घरी उत्तम संगीत ऐकण्याची हौस इंग्लंड-अमेरिकेत झपाट्याने वाढली. वॉर्फडेल या इंग्लिश कंपनीचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये आणि १९५५ साली कार्नेगी हॉलमध्ये प्रत्यक्ष वादन आणि ध्वनिमुद्रण शेजारी शेजारी ऐकवण्याचे कार्यक्रम केले. एडिसनच्या जलशांचीच ही पुढची पायरी होती.

याच काळात अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी एका जुन्या अडचणीवर उपाय काढला. शंकू पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. दोन्हीकडच्या लहरी एकमेकींना भेटल्या, की खर्ज नाहीसा होतो. म्हणून स्पीकर खोक्यात बसवतात. पण खोके लहान असेल, तर आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि शंकूला मोकळेपणी हलू देत नाही. म्हणून चांगला खर्ज हवा असेल, तर कपाटाएवढे खोके घ्यावे असा समज होता. व्हिलचर यांनी विचार उलटा केला. शंकूची स्वतःची पकड अगदी सैल करायची आणि स्प्रिंगचे काम बंद खोक्यातल्या हवेवरच सोपवायचे! कापड-कागदाच्या पकडीपेक्षा हवेची स्प्रिंग अधिक नियमित असते. म्हणजे दुप्पट दाबले तर जवळजवळ दुप्पट विरोध करते. त्यामुळे आवाजातली विकृती कमी झाली आणि पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या खोक्यातून खरा खर्ज ऐकू येऊ लागला. १९५४ साली व्हिलचर आणि हेन्री क्लॉस यांनी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे 'अकूस्टिक रिसर्च' ही कंपनी काढली.

या कंपनीनेही प्रत्यक्ष वादनाशी तुलना करणारे कार्यक्रम केले. फाइन आर्ट्स क्वार्टेट या चार वादकांच्या संचातले वादक वाजवता वाजवता थांबत आणि गज मात्र हलवत राहत. आवाज स्पीकरमधून येऊ लागलेला असे, आणि श्रोत्यांना तो बदल बहुधा कळत नसे. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्थानकात कंपनीने संगीत ऐकण्याची एक खोली उघडली होती. तेथे काहीही विकत मिळत नसे. ज्याला ऐकायचे त्याने यावे, ऐकावे आणि निघून जावे.

कंपनीला जाहिरात हवी होती हे उघड आहे, आणि हलत्या गजांचा खेळही पुन्हा डोळ्यांना फसवणाराच होता. पण दाव्यामागे येथे भौतिकशास्त्र होते, आणि ते कुणालाही मोजून पाहता येत होते. व्हिलचर पुढे श्रवणयंत्रांच्या संशोधनाकडे वळले. ऐकू कमी येणाऱ्याला हळू आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा आवाज मात्र असह्य होतो. यावर आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांना वेगवेगळ्या प्रमाणात आवरण्याची पद्धत त्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे पेटंट त्यांनी घेतले नाही. आवाज नेमका कसा पोचतो याविषयीचा आग्रह ही केवळ हौशी लोकांची चैन नसते, हे ध्यानात यावे म्हणून हे सांगितले.

वॉटची शर्यत

साठच्या दशकात आणखी एक आकडा जाहिरातीत ठळक झाला, तो म्हणजे वॉट. अँप्लिफायर क्षणभर, एकच बाजू चालू असताना, आवाज फाटेपर्यंत जेवढी शक्ती देईल, ती मोठ्या अक्षरांत छापायची अशी चढाओढ लागली. शेवटी १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला. घरगुती अँप्लिफायरची शक्ती सांगायची असेल, तर ती सतत देता येणारी असली पाहिजे आणि ती किती ओहमच्या भारावर, कोणत्या वारंवारतांमध्ये व किती विकृतीसह मिळते तेही सांगितले पाहिजे. २०२४ मध्ये हा नियम आणखी काटेकोर करण्यात आला.

आपल्याकडे टेपरेकॉर्डरच्या सुगीच्या काळात खोक्यांवर 'पीएमपीओ' ही चार अक्षरे आणि त्यांपुढे पाचशे, हजार असे आकडे दिसू लागले. विस्तार करायचा तर 'संगीताची कमाल शिखर-शक्ती'. या शब्दप्रयोगाला कोणतीही ठरलेली व्याख्या नव्हती आणि नाही. पुष्कळदा याच खोक्याच्या पाठीमागे लहान अक्षरांत लिहिलेले असे, की हे यंत्र विजेच्या खांबाकडून वीस-पंचवीस वॉटच घेते!

पुढून हजार वॉट बाहेर येतात आणि मागून वीस वॉट आत जातात, तर ऊर्जेच्या अक्षय्यतेचे काय झाले? यावर विक्रेता म्हणेल, की शक्ती क्षणभरच मिळते, ती संधारित्रात साठवलेली असते. तेही तपासू. अशा यंत्रात ४,७०० मायक्रोफॅरडचा संधारित्र २० व्होल्टला भारलेला आहे असे धरू. त्यातली ऊर्जा, म्हणजे धारकता गुणिले व्होल्टतेचा वर्ग भागिले दोन, ०.९४ ज्यूल भरते. ती हजार वॉटच्या दराने खर्च केली, तर एक सहस्रांश सेकंदही पुरत नाही. शिवाय ८ ओहमच्या स्पीकरला हजार वॉट द्यायला सुमारे ८९ व्होल्ट लागतात. २० व्होल्टच्या यंत्रात ते आणणार कोठून? हे सगळे गणित शालेय पाठ्यपुस्तकांच्या आवाक्यातले आहे. तरीही सुशिक्षित माणसे आकडा वाचून खिशात हात घालत होती, कारण पाठ्यपुस्तकातला वॉट आणि खोक्यावरचा वॉट एकच, हे कुणी त्यांना सांगितले नव्हते.

पडद्याआडची चाचणी

आकडे निदान तपासता येतात. पण 'हा स्पीकर ऐकायला अधिक चांगला' असे कुणी म्हटले, तर काय करायचे? तेथे मोजपट्टी म्हणून माणसाचे मतच वापरावे लागते, आणि मत तर फसते. या पेचाचा मार्ग ध्वनिशास्त्राच्या फार आधी वैद्यकात सापडला होता.

१७८४ साली फ्रान्सच्या राजाने मेस्मरच्या 'प्राणिज चुंबकत्वा'ची चौकशी करण्यासाठी एक मंडळ नेमले. बेंजामिन फ्रँकलिन त्याचे प्रमुख होते आणि रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए हेही त्यात होते. मंत्रभारित झाडाला बिलगताच रुग्णावर परिणाम होतो असा दावा होता. मंडळाने एका मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि त्याला बागेतल्या एकेका झाडापाशी नेले. चौथ्या झाडाशी मुलगा बेशुद्ध पडला. भारलेले झाड भलतेच होते! मुलगा ढोंग करत नव्हता. त्याला जे वाटले ते खरेच वाटले होते. पण ते झाडामुळे नव्हे, अपेक्षेमुळे.

ध्वनीच्या क्षेत्रात ही पट्टी फार हळूहळू आली. १९५० साली बेल प्रयोगशाळेतील मन्सन आणि गार्डनर यांनी एक साधी पद्धत मांडली. आधी 'अ' ऐकवायचा, मग 'ब', आणि नंतर त्या दोहोंपैकी एक 'क्ष' म्हणून ऐकवायचा. 'क्ष' कोणता, हे श्रोत्याने सांगायचे. स्पीकरच्या बाबतीत या विचाराचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा केला तो फ्लॉइड टूल यांनी. १९६५ मध्ये ते ओटावा येथील कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत रुजू झाले. त्यांनी स्पीकर आवाज जाऊ देणाऱ्या पडद्यामागे ठेवले, सर्वांचा आवाज समान पातळीवर आणला, ऐकवण्याचा क्रम बदलत ठेवला आणि श्रोत्यांना गुण द्यायला सांगितले. त्याच स्पीकरचे सर्व दिशांनी आलेखही काढले.

१९८५-८६ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष दोन्ही पक्षांना अडचणीचे होते. 'आवड ज्याची त्याची' असे म्हणणाऱ्यांना असे दिसले, की ज्यांची श्रवणशक्ती शाबूत आहे अशा श्रोत्यांचे मत आश्चर्य वाटावे इतके जुळते. 'स्पीकर सगळे सारखेच, बाकी जाहिरात' असे म्हणणाऱ्यांना दिसले, की स्पीकर-स्पीकरमध्ये खरोखर मोठा फरक असतो. पसंतीला उतरलेल्या स्पीकरचे समोरचे आलेख सपाट होते आणि बाजूचे आलेखही समोरच्यासारखेच सुरळीत होते. ज्यांची श्रवणशक्ती कमी झाली होती, त्यांच्या गुणांत मात्र सातत्य नव्हते. मग ते कितीही अनुभवी असोत.

पुढे हरमन या अमेरिकन कंपनीत गेल्यावर टूल यांनी शॉन ऑलिव्ह यांच्याबरोबर एक प्रयोग केला. तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. कंपनीतल्याच चाळीस जणांनी चार स्पीकर दोनदा ऐकले, एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर. त्यांत मोठे, देखणे, महागडे स्पीकर होते आणि एक लहान, स्वस्त संचही होता. स्पीकर दिसू लागताच गुण बदलले. मोठ्या देखण्या स्पीकरचे गुण वाढले, लहान स्वस्त संचाचे कमी झाले. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की पडद्याआड ऐकताना स्पीकरची खोलीतली जागा बदलली तर श्रोत्यांच्या गुणांत फरक पडत होता. तो खरोखरचा भौतिक फरक होता. स्पीकर दिसत असताना मात्र हा फरक त्यांच्या गुणांत जवळजवळ उमटतच नव्हता. डोळे नसलेले काही ऐकवतात एवढेच नव्हे, असलेले ऐकू देत नाहीत!

२००३ मध्ये ऑलिव्ह यांनी २६८ श्रोत्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित श्रोत्यांनी लावलेला पसंतीचा क्रम बराचसा एकच होता. प्रशिक्षितांचे गुण अधिक नेमके होते, इतकेच. पुढच्याच वर्षी त्यांनी ७० स्पीकरच्या केवळ आलेखांवरून श्रोत्यांच्या पसंतीचे भाकीत केले आणि ते प्रत्यक्ष पसंतीशी ०.८६ इतक्या सहसंबंधाने जुळले.

जरा मोठा, म्हणून जास्त चांगला

टूल यांनी आवाजाची पातळी समान करण्यावर एवढा भर का दिला, याचे उत्तर १९३३ साली मिळालेले होते. बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवले, की कान सर्व वारंवारतांना सारखा दाद देत नाही. हळू आवाजात खर्ज विशेष क्षीण वाटतो. आवाज वाढवला की खर्ज भरून येतो. त्यामुळे एकच स्पीकर थोडा मोठ्याने वाजवला तर तो श्रोत्याला 'मोठा' न वाटता 'भरदार', 'मोकळा' वाटतो. दुकानात दोन स्पीकर तुलनेला लावताना महागड्याचा आवाज किंचित चढवून ठेवला, तर विक्रेत्याला तोंड उघडायचीही गरज राहत नाही. स्पीकर कोपऱ्यात भिंतीला लावून ठेवला तरी खर्ज वाढतो, आणि श्रेय स्पीकरला जाते.

तारांचीही हीच कथा. स्पीकरला जोडायच्या काही तारांच्या जोड्यांची किंमत लाखांच्या घरात असते. १.५ चौरस मिलिमीटर जाडीची साधी तांब्याची तार पाच मीटर लांब न्यायची, तर जाऊन-येऊन दहा मीटर तारेचा रोध सुमारे ०.११ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे एवढ्या रोधाने आवाज एका डेसिबलच्या आठव्या भागाइतका घटतो. तार फार बारीक किंवा फार लांब नसावी, हे खरे. त्यापलीकडचे दावे पडद्यामागे सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची आहे.

पडद्याआडच्या चाचण्यांवर एक आक्षेप घेतला जातो. अशा चाचणीत श्रोत्यावर दडपण येते, त्यामुळे सूक्ष्म फरक निसटतात. आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. पण १९९४ च्या प्रयोगात जागेचा सूक्ष्म फरक पडद्याआडच कळला, उघड्यावर नाही. दुसरेही एक मान्य करू. सुंदर लाकडी खोक्यामुळे मिळणारा आनंद खोटा नसतो. तो आनंद घ्यायला कुणाची हरकत नाही. फक्त तो आवाजाच्या नावे विकला जाऊ नये.

वर्गात करून पाहण्यासारखे

शाळेच्या सभागृहासाठी स्पीकर घ्यायचा असतो तेव्हा हा विषय हौशीचा राहत नाही. शेवटच्या बाकावरच्या मुलाला शिक्षकांचे शब्द स्पष्ट कळतात की नाही, यावर त्याचे शिकणे अवलंबून असते. हजार वॉटचा आकडा पाहून घेतलेले खोके त्याच्या उपयोगी पडेलच असे नाही. शेवटच्या बाकावर बसून, डोळे मिटून, अनोळखी शब्दांची यादी ऐकून लिहिता येते का, ही परीक्षा जास्त खरी. आणि ती फुकट आहे.

वर्गात आणखी एक प्रयोग करता येईल. एकाच यंत्रावर एकच गाणे दोनदा लावा. दुसऱ्यांदा लावण्यापूर्वी 'आता महागडा स्पीकर जोडला आहे' एवढेच सांगा आणि मुलांना दोन्हींना दहापैकी गुण द्यायला सांगा. नंतर खरे काय ते लगेच सांगावे. ज्यांनी दुसऱ्याला जास्त गुण दिले, त्यांना हसू देऊ नये. त्यांचे कान नव्हे, मन ऐकत होते आणि ते सर्वांचेच ऐकते. मग दोन वेगळे स्पीकर चादरीआड ठेवून 'क्ष'ची चाचणी दहा वेळा घ्या. कोणता स्पीकर लावायचा ते नाणे उडवून ठरवावे. विचारणाऱ्यालाही तो ठाऊक नसेल तर अधिक चांगले, कारण चेहराही उत्तर सांगून जातो. आवाजाची पातळी आधी जुळवून घ्यायला विसरू नये.

दहापैकी सात बरोबर आले, तर मुले आनंदाने ओरडतील. तेव्हा त्यांना गणित घालावे. निव्वळ अंदाजाने सात किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १,०२४ पैकी १७६, म्हणजे सुमारे १७ टक्के. नऊ किंवा अधिक येण्याची शक्यता १,०२४ पैकी ११, म्हणजे जेमतेम एक टक्का. कितीला 'फरक कळला' म्हणायचे, ते चाचणीच्या आधी ठरवावे, नंतर नव्हे.

हेच गणित आणि हीच चादर पुढे स्मरणशक्ती वाढवणाऱ्या पेयाच्या जाहिरातीला लागू पडते, गुणकारी खड्याच्या अंगठीला लागू पडते, नव्या औषधाला तर लागू पडतेच. शंका घेणे म्हणजे सगळेच खोटे म्हणणे नव्हे. टूल यांनी शंका घेतली म्हणून चांगला स्पीकर कशामुळे चांगला होतो हे कळले आणि तो तुलनेने स्वस्तात करता येऊ लागला. एडिसनच्या जलशातल्या प्रेक्षकांना कोणी फक्त एवढेच विचारायला हवे होते: गायिका गात नसताना, आणि ती गाते आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नसताना, दहापैकी किती वेळा ओळखता येते?